बहिर्वक्र धार : घडण आणि निगा

धार म्हणजे दोन पृष्ठभाग जेथे एकमेकांस मिळतात ती रेषा होय. ही रेषा जितकी बारीक, तितकी सुरी तीक्ष्ण. परंतु ती तीक्ष्णता किती काळ टिकेल, हे रेषेपेक्षा तिच्या मागे असलेल्या धातूवर अधिक अवलंबून असते. पात्याच्या दोन्ही बाजू धारेकडे उतरतात, त्या उताराचे तीन मुख्य प्रकार आहेत. पहिला सपाट, कारखान्यात तयार होणाऱ्या बहुतेक सुऱ्यांचा उतार असा असतो. दुसरा अंतर्वक्र, म्हणजे आत खोलगट. न्हाव्याचा वस्तरा हे त्याचे परिचित उदाहरण. तिसरा बहिर्वक्र, म्हणजे शिंपल्याच्या पाठीप्रमाणे किंचित फुगीर. जपानी लोक या धारेला ‘हामागुरी’ नावाच्या शिंपल्यावरूनच ओळखतात. कुऱ्हाड, कोयता आणि लोहाराने हाताने घडविलेली सुरी यांची धार सामान्यतः या तिसऱ्या प्रकारची असते.

हाताची धार

दिल्लीत अनेक रस्त्यांच्या कडेला गाडिया लोहारांच्या वस्त्या आढळतात. १५६८ मध्ये चितोडगड अकबराच्या हाती पडला, तेव्हा घरात न राहण्याची शपथ आपल्या पूर्वजांनी घेतली, असे हा समाज मानतो. एप्रिल १९५५ मध्ये पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांच्या उपस्थितीत या लोकांना समारंभपूर्वक पुन्हा गडावर नेण्यात आले. तथापि अनेक कुटुंबांचा चरितार्थ आजही रस्त्याकडेच्या भट्टीवरच चालतो. पुरुष सांडशीने तापलेले लोखंड ऐरणीवर धरतो आणि पुष्कळदा घरातील स्त्री घण घालते. कुऱ्हाडी, खुरपी, विळे, सुऱ्या आणि चिमटे यांची घडण येथे होते.

अशा ठिकाणी तयार होणारी धार फुगीर का असते, याचे कारण सोपे आहे. घणाचा घाव कधीही काटेकोर सपाट पृष्ठभाग देत नाही. त्यानंतर कानस चालविली जाते. ती पुढे-मागे सरकताना हात किंचित वरखाली झुलतो आणि उताराच्या दोन्ही कडा मधल्या भागापेक्षा अधिक घासल्या जातात. सपाट पृष्ठभाग साधण्यासाठी कारागिराला मुद्दाम कष्ट करावे लागतात. फुगीरपणा मात्र आपोआप येतो. या अर्थाने बहिर्वक्र धार ही मनुष्याच्या हाताची स्वाभाविक धार आहे.

फुगवट्याचा हिशेब

धार आणि तिच्यामागील जाडी यांचा संबंध एका साध्या हिशेबाने समजून घेता येतो. समजा, दोन पाती आहेत. उतार जेथे सुरू होतो तेथे दोघांची जाडी सारखी आहे आणि उताराची रुंदीही सारखी आहे. एकाचा उतार सपाट, तर दुसऱ्याचा नियमितपणे फुगीर. उताराच्या मध्यावर सपाट पात्याची जाडी निम्मी उरते. फुगीर पात्याची मात्र पाऊण भाग असते. म्हणजे ती दीडपट झाली. धातूची पट्टी वाकण्यास जो विरोध करते तो जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. त्यामुळे त्या ठिकाणी फुगीर पाते तिपटीहून अधिक ताठ राहते. लाकडाच्या गाठीवर किंवा हाडावर घाव बसला, तर अशी धार सहसा वळत नाही आणि तिचा टवकाही लवकर उडत नाही.

या लाभासाठी काही किंमत मोजावी लागते. वरील उदाहरणात फुगीर पात्याचा टोकाशी असलेला कोन सपाट पात्याच्या जवळजवळ दुप्पट होतो. साहजिकच टोमॅटोची पातळ चकती कापण्यास ते कमी सोयीचे. मात्र तुलना दुसऱ्या रीतीने केली तर चित्र पालटते. टोकाचा कोन तोच ठेवून सपाट उताराचा वरचा कंगोरा घासून गोल केला, तर उताराच्या वरच्या भागातील धातू कमी होतो आणि पाते वस्तूतून अडखळल्याशिवाय सरकते. बहिर्वक्र धार बळकट असते असे काही जण सांगतात, तर ती सहज कापते असे इतर काही सांगतात. दोघांचेही म्हणणे खरे आहे. फरक आहे तो तुलना कशाशी केली यात.

जुन्या शस्त्रकारांना हे तत्त्व परिचित होते. चिलखत भेदण्यासाठी केलेल्या कट्यारीचे टोक मुद्दाम जाड ठेवीत, ते याच कारणाने. दिल्लीच्या जनपथावरील राष्ट्रीय संग्रहालयात जुन्या शस्त्रांचे दालन आहे. तेथे किंवा अन्यत्र जुने पाते पाहताना त्यावरील प्रकाशाची रेषा न्याहाळावी. सपाट उतारावर ती कंगोऱ्याशी एकदम तुटते. फुगीर उतारावर ती न तुटता सावकाश सरकते.

चाकावरचा धोका

शस्त्रांना धार व झिलई देणाऱ्या कारागिरांना मराठीत शिकलगार आणि उत्तरेकडे सिकलीगर म्हणतात. आज शहरांतून सायकलवर चाक बसवून फिरणारे धारवाले दिसतात. कुशल धारवाला चाकावरही पात्याचा आकार सांभाळतो. परंतु घाईने केलेल्या कामात तीन धोके असतात.

चाक गोल असल्यामुळे उतार खोलगट होतो, हा पहिला धोका. त्याचे प्रमाण मात्र फार नसते : १५ सेंटिमीटर व्यासाच्या चाकावर ६ मिलिमीटर रुंदीचा उतार काढला, तर मध्यावरील खोली दर बाजूस सुमारे ०.०६ मिलिमीटर भरते. दुसरा धोका यापेक्षा मोठा आहे. मुळात असलेला फुगवटा पहिल्याच खेपेस निघून जातो आणि त्याबरोबर वर्षानुवर्षे पुरला असता एवढा धातूही जातो. तिसरा धोका उष्णतेचा. कोरड्या चाकावर पातळ धार क्षणात तापते. साध्या पोलादावर सुमारे २२० अंश सेल्सिअसला फिकट पिवळी आणि ३०० अंशांच्या आसपास निळी छटा उमटते. निळ्या पडलेल्या भागाचे पाणी उतरलेले असते. तो भाग मऊ होतो व कितीही घासला तरी धार धरीत नाही. म्हणून चाकावर पाते वारंवार पाण्यात बुडविणे अगत्याचे आहे.

घरच्या घरी निगा

फुगीर उतार राखावयाचा असेल, तर घासणारा पृष्ठभाग थोडा नमणारा असावा. लाकडी फळीवर रबराचा पातळ तुकडा पसरावा. जुन्या सायकलची ट्यूबही चालते. त्यावर पाण्यात वापरावयाचा काचकागद ताणून बसवावा. प्रथम ४०० क्रमांकाचा, नंतर ८०० आणि शेवटी १५०० क्रमांकाचा कागद घ्यावा. पाते जवळजवळ आडवे ठेवून पाठ पुढे व धार मागे राहील अशा रीतीने ओढावे. धार पुढे ठेवून ढकलल्यास कागद कापला जातो.

येथे दाब हलका असणे महत्त्वाचे आहे. जोर दिला की रबर खाली दबते, कागद धारेभोवती वर उचलला जातो आणि टोकाचा कोन बोथट होतो. कागद उताराच्या कोणत्या भागावर घासतो आहे हे कळण्यासाठी आरंभी उतारावर शाई लावावी. जेथील शाई पुसली जाईल तेथेच काम होत आहे असे समजावे. एका बाजूने पुरेसे घासले की दुसऱ्या बाजूस तारेसारखी अतिशय बारीक कड वळलेली बोटाला जाणवते. बोट नेहमी पाठीकडून धारेकडे न्यावे, धारेवरून लांबीने कधीही फिरवू नये. मग बाजू बदलावी आणि ही कड नाहीशी होईपर्यंत दाब उत्तरोत्तर कमी करावा.

कुऱ्हाडीसारखे जड हत्यार कागदावर ओढणे गैरसोयीचे असते. ते पक्के बसवून गोल दगड त्यावर लहान वर्तुळांत फिरवावा. दगड उताराच्या वरच्या भागापासून धारेपर्यंत झुलता ठेवला की फुगवटा कायम राहतो. शेवटचा हात चामड्याच्या पट्ट्यावर, क्रोमियम ऑक्साइडची हिरवी भुकटी लावून द्यावा. नित्याच्या वापरातील सुरीला आठवड्यातून एकदा असे दहावीस हात दिले, तर काचकागदाची गरज क्वचितच पडते.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवली पाहिजे. केवळ टोकाशीच पुनःपुन्हा काम केले, तर कोन हळूहळू वाढत जातो. धार हाताला तीक्ष्ण लागते, पण सुरी गाजरात अडकते व ते कापले जाण्याऐवजी फुटते. अशा वेळी उताराच्या वरच्या भागापासून धातू काढून संपूर्ण वक्र पातळ करावा लागतो. म्हणून प्रत्येक खेपेस थोडे काम वरच्या भागावर आणि थोडे टोकावर करावे.

बोथट सुरीला जोर लावावा लागतो, आणि जोर लावला की ती घसरून हाताला इजा करते. पुष्कळ चांगली पाती वापराने कमी आणि अयोग्य घासण्याने अधिक झिजतात. घासून गेलेला धातू परत येत नाही. म्हणूनच लोहाराने घणाने दिलेला आकार ओळखणे आणि त्यातून शक्य तितका थोडा धातू काढणे, यातच बहिर्वक्र धारेची सारी निगा सामावलेली आहे.