स्वर्ग दोन बोटे

ऐन विशीत निपाणीच्या एका बैठकीत मला टाळ्या मिळाल्या. घरी येताच वडील म्हणाले, "काय रे, स्वर्ग दोन बोटे उरला वाटते!"

या वाक्प्रचारातले बोट हे जुने माप आहे. 24 बोटांचा एक हात. म्हणजे दोन बोटे हा हाताचा केवळ बारावा हिस्सा. गर्विष्ठाला वाटते, आपण एवढे उंच झालो की स्वर्ग तेवढ्याच अंतरावर राहिला.

वडिलांनी मिरजेचा तंबोरा पुढे ठेवला. "जुळव." मणी केसभर सरकला तरी सूर हलतो! मला तासभर षड्ज सापडेना.

आज बेळगावात मी शिष्यांना गाण्याआधी तंबोरा जुळवायलाच बसवतो. चढलेला सूर उतरवता आला की चढेल मनही उतरते.