मत्स्यपेटीतील फांद्या व पाने

घरी अथवा शाळेत ठेवलेल्या काचेच्या मत्स्यपेटीत एखादी वाळकी फांदी व दोन पाने असली, की माशांना आडोसा मिळतो व ते बुजत नाहीत. परंतु झाडावरून तोडलेला ओला डहाळा पाण्यात कदापि घालू नये. हिरवी पाने लवकर कुजतात, कुजताना पाण्यातील प्राणवायू खर्च होतो आणि मासे वर येऊन धापा टाकू लागतात. अशा वेळी पाने तत्काळ काढून पाव हिस्सा पाणी बदलावे.

फांदी पेरूची चालते. मात्र औषध फवारलेल्या बागेतील नको. कण्हेर, रुई व शेर पूर्णतः वर्ज्य समजावीत. शेराचा चीक तर मासे गुंगविण्यासाठीच वापरला गेलेला आहे! वाळलेल्या फांदीची साल काढून ती तासभर उकळावी व नंतर बादलीत बुडवून ठेवावी. तिचे तरंगणे थांबण्यास कित्येकदा आठवडे लागतात. तोवर दगडास बांधावी. नव्या लाकडावर पांढरा बुळबुळीत थर चढतो. तो सहसा निरुपद्रवी असून ब्रशाने निघतो.

पानांत देशी बदामाचे गळून वाळलेले पान उत्तम होय. चाळीस लिटर पाण्यास एक पुरे. त्यातील टॅनिनामुळे पाणी चहासारखे तांबूस होते. ते बिघडले असे समजू नये. दुर्गंधी आली तर मात्र बिघडले. विहिरीचे पाणी जड असल्यास रंग चढूनही आम्लता फारशी वाढत नाही. पानाची जाळी झाली, की ते काढून दुसरे घालावे.