हवा सुधारायच्या यादीत जळगाव आहे, धुळे नाही. पण धूळ तर दोन्हीकडे आहे. मग महापालिका नेमकं करते काय?

संध्याकाळची वेळ. जळगावच्या अजिंठा चौफुलीवर ट्रक, एसटी, रिक्षा आणि दुचाक्यांची गर्दी. एखादा ट्रक साइडपट्टीवरून गेला की मातीचा लोट उठतो आणि मागचा दुचाकीवाला रुमाल नाकावर ओढतो. तिथून साधारण ९० किलोमीटरवर धुळ्याच्या पारोळा चौफुलीवरही हेच दिसतं. सुरत-नागपूर रस्ताही तोच, काळी मातीही तीच.

सरकारी कागदावर मात्र या दोन शहरांमध्ये मोठा फरक आहे. हवा सुधारायची म्हणून केंद्र सरकारने देशभरातली १३१ शहरं निवडली. त्यात जळगाव आहे, धुळे नाही. एका शहराला उद्दिष्ट आहे, निधी आहे आणि हिशेबही द्यावा लागतो. दुसऱ्याला यातलं काहीच नाही.

असं का झालं आणि त्याने सामान्य माणसाला काय फरक पडतो?

ही यादी कसली आहे?

जानेवारी २०१९ मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू केला. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला ‘एनकॅप’ म्हणतात. ज्या शहरांची हवा सलग पाच वर्षं ठरलेल्या मानकात बसली नाही, ती शहरं यासाठी निवडली गेली. महाराष्ट्रातली १७ शहरं पहिल्याच यादीत होती आणि जळगाव त्यातलं एक. पुढे ठाणे आणि वसई-विरारची भर पडून राज्याचा आकडा १९ झाला.

हे मानक कसलं, तर हवेतल्या कणांचं. त्यात दोन आकार महत्त्वाचे. १० मायक्रॉन किंवा त्याहून बारीक कण म्हणजे पीएम १०. आपला केस साधारण ५० ते ७० मायक्रॉन जाड असतो, त्यावरून अंदाज घ्या. रस्त्यावरची धूळ मुख्यतः या गटात मोडते. २.५ मायक्रॉनपेक्षा बारीक कण म्हणजे पीएम २.५. तो धुरातून जास्त येतो, फुफ्फुसात खोलवर जातो आणि तिथून रक्तातही उतरू शकतो.

भारतात पीएम १० ची वर्षाची सरासरी एका घनमीटरमागे ६० मायक्रोग्रॅमच्या आत हवी आणि पीएम २.५ ची ४० च्या आत. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सांगितलेली मर्यादा आणखी कडक आहे, १५ आणि ५.

आधी उद्दिष्ट होतं की २०२४ पर्यंत हे कण २० ते ३० टक्क्यांनी कमी करायचे. नंतर ते वाढवलं गेलं. २०२५-२६ पर्यंत ४० टक्के घट करायची किंवा मानकाच्या आत यायचं, असं ठरलं.

मग धुळ्याची हवा चांगली आहे का?

इथेच बऱ्याच जणांची गल्लत होते. यादीत नाव नाही म्हणजे हवा स्वच्छ आहे, असं सर्टिफिकेट मिळत नाही.

यादीत येण्यासाठी आधी काही वर्षांच्या नोंदी लागतात. जळगावात महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची मापन केंद्रं जुनी आहेत. बी. जे. मार्केट, गिरणा टाकी आणि एमआयडीसी या तीन ठिकाणी हवेचे नमुने घेतले जातात. नोंदी होत्या म्हणून हवा बिघडल्याचं कागदावर आलं. ज्या शहरात पुरेशी मोजणीच झाली नाही, ते शहर अशा यादीत येणार तरी कसं?

आता धुळ्यातही देवपूर भागात मंडळाचं स्वयंचलित केंद्र आहे आणि शहराचा एक्यूआय रोज कळू शकतो. पण सवा-चार लाखांकडे झुकणाऱ्या शहरासाठी एकच केंद्र म्हणजे ताप मोजायला अख्ख्या वाड्यात एकच थर्मामीटर. देवपूरचा आकडा एमआयडीसीजवळ राहणाऱ्याला किंवा कचरा डेपोशेजारच्या वस्तीला लागू पडेलच असं नाही.

खान्देशात एवढी धूळ येते कुठून?

काही कारणं निसर्गाची आहेत. तापी खोऱ्यातली काळी माती वाळली की तिचा भुगा होतो. उन्हाळा लांब आणि कडक असतो. हिवाळ्यात पहाटे जमिनीलगतची थंड हवा वर जात नाही, त्यामुळे धूर आणि धूळ खालीच साचून राहते. म्हणूनच डिसेंबर-जानेवारीत एक्यूआय चढतो आणि पावसाळ्यात आपोआप उतरतो.

बाकीची कारणं माणसांची आहेत. पाण्याच्या पाइपलाइनसाठी आणि भुयारी गटारांसाठी रस्ते खोदले गेले, ते बुजवले पण नीट केले नाहीत. डांबर संपतं तिथून गटारापर्यंत उघडी माती. शहराच्या मधून जाणारी महामार्गाची जड वाहतूक. बांधकामाची उघड्यावर पडलेली वाळू. कोपऱ्यावर पेटवलेला कचरा. शहराबाहेर कापूस निघाल्यावर शेतात जाळल्या जाणाऱ्या पऱ्हाट्या. ही यादी जळगावची म्हणून वाचा किंवा धुळ्याची म्हणून, फार बदल करावा लागत नाही.

महापालिका काय करू शकते?

जळगावसारख्या यादीतल्या शहराला स्वच्छ हवेचा कृती आराखडा करावा लागतो. त्यातली मुख्य कामं साधारण अशी असतात.

रस्त्यावरची धूळ: यांत्रिक झाडू, पाणी फवारणारी वाहनं, रस्त्याच्या कडा पक्क्या करणं, दुभाजकात झाडं लावणं.

कचरा: उघड्यावर जाळायला पूर्ण बंदी आणि डेपोतल्या जुन्या ढिगाऱ्याची विल्हेवाट. कचरा जाळल्यास ५ हजार रुपये आणि मोठ्या प्रमाणावर जाळल्यास २५ हजार रुपये दंड, असा राष्ट्रीय हरित लवादाचा डिसेंबर २०१६ चा आदेश आहे.

बांधकाम: साइटला आडोसा, वाळू-माती झाकून नेणं, राडारोडा ठरलेल्या जागीच टाकणं.

धूर: स्मशानभूमीत गॅस किंवा विद्युतदाहिनी, सार्वजनिक वाहतूक, चौकातली कोंडी कमी करणं.

यात एक मेख आहे. यांत्रिक झाडूची गाडी महाग असते आणि ती सपाट, कडा बांधलेल्या रस्त्यावरच नीट चालते. खड्ड्यांच्या रस्त्यावर ती फारशी कामाची नाही. पाणी मारलं तर धूळ बसते, पण मे महिन्याच्या उन्हात ते पाणी किती वेळ टिकणार? थोड्या वेळाने तीच माती पुन्हा उडते. कायमचा उपाय कंटाळवाणा आहे: खोदलेला रस्ता वेळेत बुजवायचा आणि डांबर किंवा पेव्हर थेट गटाराच्या कडेपर्यंत न्यायचं. त्याचं उद्‌घाटन होत नाही, फोटोही चांगला येत नाही. पण माती उघडीच राहिली नाही तर उडणार काय?

पैसा जातो कुठे?

दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या संस्थेने जुलै २०२४ मध्ये या कार्यक्रमातल्या खर्चाचा हिशेब मांडला. देशभरातला ६४ टक्के खर्च रस्त्यावरच्या धुळीवर झाला होता. कचरा आणि काडीकचरा जाळण्यावर साडेचौदा टक्के, वाहनांवर साडेबारा टक्क्यांच्या आसपास आणि उद्योगांवर एक टक्काही नाही.

याचं कारण सरळ आहे. शहराची प्रगती मुख्यतः पीएम १० वर मोजली जाते आणि तो कमी करायचा सोपा मार्ग म्हणजे धूळ. धुरातून येणारा, तब्येतीला जास्त घातक असलेला पीएम २.५ मागे राहतो. थोडक्यात, रस्ता धुतलेला दिसला म्हणून छातीत जाणारी हवा धुतली गेली असं समजू नये.

महापालिकेच्या हातात काय नाही?

बरंच काही नाही. कारखान्यांच्या चिमण्यांवर प्रदूषण नियंत्रण मंडळाचं लक्ष असतं, ते १९८१ च्या वायू प्रदूषण कायद्यानुसार. गाड्यांची पीयूसी आरटीओकडे. राष्ट्रीय महामार्ग केंद्राच्या अखत्यारीत. जळगाव जिल्ह्यात भुसावळजवळ दीपनगरचं औष्णिक वीज केंद्र आहे, त्याच्या धुरावर जळगाव महापालिकेचा अधिकार चालत नाही. शेतात पेटणाऱ्या पऱ्हाट्या तर हद्दीच्याही बाहेर. वाऱ्याला मात्र महापालिकेची हद्द माहीत नसते.

म्हणून एकट्या महापालिकेला दोष देऊन भागत नाही आणि महापालिकेने सगळं दुसऱ्यावर ढकलूनही चालत नाही. खोदलेला रस्ता, पेटलेला कचरा आणि उघडा राडारोडा या तीन गोष्टी मुख्यतः तिच्याच आहेत.

अमरावतीला जमलं, मग बाकीच्यांना?

यादीतल्या शहरांची केंद्र सरकार दरवर्षी स्वच्छ वायू सर्वेक्षणात परीक्षा घेते. ३ ते १० लाख लोकसंख्येच्या गटात २०२३ आणि २०२५ मध्ये अमरावती देशात पहिली आली. जळगावही याच गटात आहे. म्हणजे पुण्या-मुंबईएवढा पैसा नसलेलं, कापसाच्या पट्ट्यातलं, तसंच कडक उन्हाळ्याचं शहर पुढे जाऊ शकतं.

एक सावधगिरी मात्र हवी. या सर्वेक्षणात बहुतेक गुण केलेल्या कामांना असतात, हवेतले कण प्रत्यक्ष किती घटले याला फार थोडे. त्यामुळे नंबर पाहताना सोबत पीएमचा आकडाही पाहावा.

धुळ्यासमोर कोणता रस्ता आहे?

एनकॅपचा निधी नसला तरी दारं बंद नाहीत. राज्य सरकारचं ‘माझी वसुंधरा’ अभियान २ ऑक्टोबर २०२० पासून सुरू आहे. भूमी, वायू, जल, अग्नी आणि आकाश या पाच तत्त्वांवर त्यात गुण मिळतात आणि त्यात महापालिकाच नाही तर ग्रामपंचायतीही उतरतात. जुन्या कचऱ्याच्या ढिगाऱ्यासाठी स्वच्छ भारत अभियानाच्या दुसऱ्या टप्प्यात पैसा आहे. पीएम ई-बस योजनेत ३ लाखांवरची शहरं धरली होती. २०११ च्या जनगणनेत धुळ्याची लोकसंख्या पावणेचार लाख होती, जळगावची ४ लाख ६० हजार.

आणि कचरा जाळण्यावरची बंदी किंवा राडारोड्याचे नियम यादी पाहून लागू होत नाहीत. ते धुळ्यालाही तेवढेच लागू आहेत. त्यासाठी दिल्लीच्या निधीची वाट पाहावी लागत नाही.

आपण काय विचारायचं?

दोन्ही महापालिकांची मुदत २०२३ मध्ये संपली आणि त्यानंतर दोन वर्षांहून जास्त काळ प्रशासकांनी कारभार पाहिला. १५ जानेवारी २०२६ ला मतदान झालं आणि प्रभागाला पुन्हा नगरसेवक मिळाले. त्यामुळे आता विचारायला समोर माणूस आहे.

जळगावकरांनी विचारावं: स्वच्छ हवेचा निधी आजवर किती आला, कशावर खर्च झाला आणि त्यातला किती धुळीवर, किती धुरावर? ‘प्राण’ या केंद्र सरकारच्या पोर्टलवर यादीतल्या शहरांची माहिती असते, उरलेलं माहिती अधिकारात मिळू शकतं.

धुळेकरांनी विचारावं: आणखी एक मापन केंद्र कधी आणि कुठे? यादीत नसलो तरी शहराचा स्वतःचा हवा आराखडा का नसावा?

आणि दोघांनीही विचारावं: आमच्या गल्लीतला खोदलेला रस्ता कोणत्या तारखेला पूर्ववत होणार? कचरा जाळल्याबद्दल वर्षभरात किती जणांना दंड झाला?

रोजचा एक्यूआय ‘समीर’ या ॲपवर दिसतो. ५० पर्यंत चांगला, १०० पर्यंत समाधानकारक, २०० पर्यंत मध्यम आणि त्यापुढे खराब. आकडा २०० च्या वर असेल त्या दिवशी दम्याचा त्रास असलेल्यांनी, म्हाताऱ्या माणसांनी आणि लहान मुलांनी पहाटेचं फिरणं-खेळणं टाळून ऊन चढल्यावर बाहेर पडलेलं बरं. पण रुमाल बांधणं हा तात्पुरता इलाज झाला. कायमचा इलाज तुमच्या प्रभागातल्या त्या अर्धवट बुजवलेल्या चारीपासून सुरू होतो.