स्वल्पविरामाचा पूर्णविराम होतो तेव्हा

पाचगणीला हवापालटासाठी येणारी जुनी मंडळी बहुतेक छातीच्या दुखण्याची. डॉ. रुस्तमजी बिलिमोरिया यांनी १९१२ मध्ये इथे बेल-एअर सॅनिटोरियम काढलं ते क्षयरोग्यांसाठीच. क्षय भयंकर खरा, पण एक्स-रेवर त्याची छाया दिसे आणि थुंकीत जंतू सापडे. आज या थंड गावात उतारवय काढायला आलेल्या एखाद्या आजोबांचा हात थरथरू लागतो, सदऱ्याची बटणं लावायला वेळ लागतो, अक्षर बारीक होत जातं. घरचे धावत खाली वाईला किंवा पुण्याला जाऊन एमआरआय काढतात आणि तो बहुधा नॉर्मल येतो. कंपवाताची, म्हणजे पार्किन्सन्सची, खूण साध्या एमआरआयमध्ये सहसा उमटतच नाही.

पाचगणीच्या जडणघडणीत पारशी मंडळींचा मोठा वाटा आहे, म्हणून एक आकडा इथे सांगायलाच हवा. डॉ. नादिर भरुचा आणि सहकाऱ्यांनी मुंबईच्या पारशी वसाहतींत घरोघर जाऊन पाहणी केली. १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत लाखामागे सुमारे ३२८ जणांना पार्किन्सन्स आढळला. भारतातल्या इतर पाहण्यांच्या मानाने हा आकडा फार मोठा. पण त्यावरून पारशांच्या रक्ताला बोल लावू नये. त्या समाजात म्हाताऱ्यांचं प्रमाण मोठं आहे आणि हा आजार वयाबरोबर वाढतो. वयाचा हिशेब धरला की आकडा बराच खाली येतो.

मेंदूच्या देठात काळसर रंगाच्या चेतापेशींचा एक लहानसा पट्टा असतो. तिथून निघालेले धागे मेंदूच्या आत खोलवर, हालचालींचा ताल सांभाळणाऱ्या भागात पोचतात आणि टोकांमधून डोपामिन सोडतात. काम झालं की ते डोपामिन उचलून परत पेशीत घेणारं एक प्रथिन त्याच टोकांवर असतं. त्याला डोपामिन वाहक म्हणतात. पार्किन्सन्समध्ये ही टोकं झडतात आणि त्यांच्याबरोबर वाहकही जातात. हातापायांची लक्षणं दिसू लागेपर्यंत या भागातली निम्मी किंवा त्याहून जास्त टोकं गेलेली असतात. उरलेल्या पेशी मग आपल्याकडचे वाहक कमी करतात, म्हणजे सुटलेलं थोडं डोपामिन जरा जास्त वेळ बाहेर टिकावं. मेंदूची ही काटकसर मला विलक्षण वाटते.

हाच वाहक घातकही ठरू शकतो, याचा धागा १९८२ मध्ये कॅलिफोर्नियात हाती लागला. चोरून बनवलेलं कृत्रिम हेरॉइन टोचून घेतलेली तरुण मुलं काही दिवसांतच पुतळ्यासारखी थिजली. डॉ. विल्यम लँगस्टन यांनी शोध घेतला, तेव्हा त्या मालात एमपीटीपी नावाची भेसळ निघाली. मेंदूत तिचं रूपांतर एका विषात होतं. वाहक त्या विषाला डोपामिन समजून आत घेतो आणि पेशीतली ऊर्जा तयार होणं थांबतं. बाकीच्या चेतापेशींना हा वाहक नसतो, म्हणून त्या बऱ्याचशा वाचतात. औषधशास्त्रातल्या फार थोड्या अपघातांनी इतकं शिकवलं असेल.

वाहक मोजण्याची युक्तीही यातूनच सुचते. वाहकाला चिकटणारं रसायन किरणोत्सारी करून शिरेत टोचायचं, काही तास थांबायचं आणि मग कॅमेऱ्याने मेंदू पाहायचा. भारतात हे स्कॅन बहुधा टेक्नेशियम लावलेल्या ट्रोडॅट रसायनाने होतं. निरोगी मेंदूत दोन्ही बाजूंना ठसठशीत स्वल्पविराम दिसतो. आजारात आधी त्याची शेपटी जाते आणि ठिपका, म्हणजे पूर्णविराम, उरतो. उजवा हात आधी बिघडला असेल, तर डावीकडचा स्वल्पविराम आधी आणि जास्त झिजतो.

पण या चित्राने हुरळून जाऊ नये. पार्किन्सन्ससारखेच दिसणारे, त्याहून झपाट्याने वाढणारे काही आजार आहेत. त्यांच्यातही वाहक घटतात, त्यामुळे नेमका कोणता आजार आहे ते हे स्कॅन सांगत नाही. त्याचा खरा उपयोग दोन ठिकाणी होतो. अनेक घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या दिसणारा साधा कंप वेगळा काढायला, आणि औषधांमुळे आलेला कडकपणा ओळखायला. चक्करेवरच्या सिनारिझिन, फ्लुनारिझिनसारख्या आणि उलटीवरच्या मेटोक्लोप्रामाइडसारख्या गोळ्या महिनोन्‌महिने घेतल्या, तर हुबेहूब पार्किन्सन्ससारखी लक्षणं येतात. अशा माणसाचे स्वल्पविराम मात्र शाबूत असतात. गोळ्या बंद केल्या की बहुतेकांना काही महिन्यांत उतार पडतो. बाकी बहुतेक रुग्णांचं निदान अनुभवी न्यूरॉलॉजिस्ट चाल, चेहरा आणि मनगट पाहूनच करतो, आणि डोपामिनची उणीव भरून काढणाऱ्या लेव्होडोपा गोळीला मिळणारा प्रतिसाद त्याला दुजोरा देतो.

हाच लेव्होडोपा आपल्या सह्याद्रीतल्या खाजकुइलीच्या बियांमध्येही आहे. दामोदरन आणि रामस्वामी या भारतीय संशोधकांनी १९३७ मध्ये तो तिच्यातून वेगळा काढला. म्हणून कुणी परस्पर बियांची पूड खाऊ नये. प्रत्येक बीमधलं प्रमाण निराळं असतं आणि गोळीसोबत ती घेतल्यास मात्रा बिघडते.

घरात कुणाच्या हालचाली मंदावल्या असतील, तर आधी न्यूरॉलॉजिस्टला भेटा, स्कॅनचं काय ते त्यांना ठरवू द्या. मात्र जाताना चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं, चक्करेच्या आणि पित्ताच्या गोळ्यांसकट, पिशवीत घालून न्या.