कंपवाताच्या रुग्णाचे हात रिकामे ठेवू नका

धार व देवासकडील आपल्या घरांत वडिलांचे हात कापू लागले की मुले प्रेमापोटी त्यांच्या हातातले खुरपे, तांब्या, सदऱ्याची बटणे सारेच काढून घेतात. माया खरी, परंतु या रोगात बसून राहणाऱ्याचे अंग लवकर आखडते. म्हणून आमचे सांगणे असे की, औषध डॉक्टरांनी द्यावे, हालचाल मात्र घरच्यांनी करवून घ्यावी.

कंपवातालाच पार्किन्सन म्हणतात. डॉ. जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली त्याचे वर्णन केले. मेंदूत डोपामिन तयार करणाऱ्या पेशी हळूहळू नष्ट होतात. त्यामुळे कंप, ताठरपणा व मंदपणा येतो. रोग समूळ बरा करणारा उपाय अद्याप नाही. तरीही माणूस कामाचा राहतो. पोप जॉन पॉल दुसरे यांनी या व्याधीतही २००५ साली मृत्यू येईपर्यंत आपले कार्य सोडले नाही.

औषधाचा गुण आला की व्यायाम घ्यावा. खुर्चीवरून दहा वेळा उठणे-बसणे, हात डोक्यावर ताणणे, अंगणात लांब पावले टाकणे पुरे. वळताना गर्रकन न वळता मोठा फेरा घ्यावा. पाय जमिनीला खिळले तर ओढू नये. थांबून 'एक, दोन' मोजावे किंवा जमिनीवर खडूच्या रेघा आखून त्या ओलांडायला सांगावे. तालाने पाऊल सुटते. पुण्यात नृत्यशिक्षक हृषीकेश पवार यांनी अशा रुग्णांसाठी नृत्यवर्ग चालविले आहेत. आपल्याकडे भक्तिगीताच्या ठेक्यावर चालावे. आवाज खोल जात असेल तर रोज मोठ्याने शुभवर्तमान वाचावे.

आता जडीबुटीविषयी. खाजकुहिलीचे, म्हणजे आपल्या माळव्यातील केवाचचे बी वैद्य देतात. त्यात तथ्य आहे. दामोदरन व रामस्वामी यांनी १९३७ साली याच बियांतून लेव्होडोपा वेगळे काढले, आणि डॉक्टरांच्या गोळीतही तेच द्रव्य असते. म्हणूनच दोन्ही मिळून मात्रा जास्त होऊ शकते. डॉक्टरांना विचारल्यावाचून चूर्ण देऊ नये व गोळी एकाएकी बंद करू नये. डाळ-दुधासोबत घेतल्यास गोळीचा गुण कमी होतो. ती जेवणाआधी अर्धा तास घ्यावी. तेलमालिशने अंग मोकळे वाटते, पण ती व्यायामाची जागा घेत नाही.

वडिलांना लसूण सोलू द्या, शेंगा फोडू द्या. वेळ लागला तरी चालेल. फवारणीचा पंप मात्र देऊ नका. पॅराक्वाट हे तणनाशक हाताळणाऱ्यांत हा रोग अधिक आढळल्याचे अमेरिकेत २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. तरुणांनीही हातमोजे व तोंडाला फडके बांधल्याशिवाय फवारणी करू नये.