इंग्रजी साहित्याचे एम. ए. : कोठे व कशासाठी?

मुलगा किंवा मुलगी बी. ए.च्या शेवटच्या वर्षास पोहोचली, इंग्रजीत चांगले गुण मिळू लागले, की घरात आनंदाबरोबर एक नवी चिंता शिरते. पुढे शिकावयाचे तर कोठे? वडील खर्चाचा हिशेब मांडतात, आई वसतिगृहाची चौकशी करते, आणि शेजारी ज्या विद्यापीठाचे नाव ऐकून असतात त्याची शिफारस करतात. मुलाची दोन वर्षे आणि घरची पुंजी या निवडीवर लागलेली असते. म्हणून या प्रश्नाचा विचार शांतपणे व्हावा, असे आम्हांस वाटते.

आमचे मत प्रथमच सांगून टाकतो. विद्यापीठाचे नाव पाहून निवड करू नये. तेथे कोणती पुस्तके, कोणाच्या हाताखाली आणि कशासाठी वाचावयाची आहेत, हे पाहून करावी.

पदवी एक, वाटा तीन

एम. ए. ही पदवी सर्वत्र एकाच नावाची असली, तरी तिच्या पोटात शिकवला जाणारा विषय एकच नसतो. काही ठिकाणी चॉसर, शेक्सपिअर, मिल्टन अशा क्रमाने शतकामागून शतक वाचले जाते. ही जुनी, भक्कम वाट होय.

दुसरी वाट भाषेची व अध्यापनाची. हैदराबादची संस्था 1958 मध्ये ‘सेंट्रल इन्स्टिट्यूट ऑफ इंग्लिश’ या नावाने निघाली, ती मुख्यतः इंग्रजीच्या शिक्षकांस तयार करण्यासाठी. 1972 मध्ये तिने परदेशी भाषांनाही आपल्या नावात स्थान दिले, आणि संसदेच्या 2006 च्या कायद्याने ती ‘इंग्लिश अँड फॉरिन लँग्वेजेस युनिव्हर्सिटी’ झाली. तेथे साहित्य, भाषाशास्त्र आणि इंग्रजीचे अध्यापन यांचे निरनिराळे अभ्यासक्रम आहेत. अर्ज करताना आपण कोणता मागत आहोत, हे नीट पाहावे.

तिसरी वाट तौलनिक साहित्याची. कोलकात्याच्या जादवपूर विद्यापीठात 1956 मध्ये बुद्धदेव बसू यांनी या विषयाचा स्वतंत्र विभाग काढला. हैदराबाद विद्यापीठात इंग्रजीचा विभाग आणि तौलनिक साहित्याचे केंद्र अशी दोन्ही दारे आहेत. ज्यास दोन भाषा मनापासून आवडतात, त्याने या वाटेचा विचार अवश्य करावा.

कीर्ती राहते, शिक्षक जातात

बडोद्याच्या महाविद्यालयात श्री अरविंद इंग्रजीचे प्राध्यापक होते. पुढील काळात तेथील महाराजा सयाजीराव विद्यापीठात गणेश देवी यांनी इंग्रजी शिकवले. भारतीय भाषांतील समीक्षेचा विचार मांडणारे त्यांचे ‘आफ्टर अ‍ॅम्नेशिया’ 1992 मध्ये प्रसिद्ध झाले. नंतर प्राध्यापकपद सोडून त्यांनी तेजगढ येथे आदिवासी अकादमी उभारली. विभागास मोठेपण शिक्षक देतात. ते गेल्यावरही त्यांची कीर्ती भिंतींवर रेंगाळत राहते. तेव्हा ‘येथे पूर्वी कोण होते’ यापेक्षा ‘आज कोण शिकवतो’ हे विचारणे अधिक शहाणपणाचे.

पुढे काय करावयाचे?

शाळेत शिक्षक व्हावयाचे असेल, तर केवळ एम. ए. पुरत नाही, बी. एड. हवे. अशा विद्यार्थ्याने दूरच्या नामांकित विद्यापीठात सारी पुंजी न घालता पुढील दोन वर्षांचा खर्च राखून ठेवावा. महाविद्यालयात शिकवावयाचे, तर ‘नेट’ परीक्षेची तयारी धरावी. तिच्या दोन प्रश्नपत्रिकांत मिळून 150 प्रश्न व 300 गुण असतात; तीस बसण्यासाठी सर्वसाधारण वर्गातील विद्यार्थ्यास एम. ए.ला 55 टक्के गुण लागतात. त्याच परीक्षेतून वरच्या क्रमाने निवडल्या जाणाऱ्यांस संशोधनवृत्ती मिळते; 1 जानेवारी 2023 पासून ती प्रारंभी दरमहा 37,000 रुपये आहे. संशोधन हे श्रीमंतांच्याच मुलांचे काम, असे मानण्याचे कारण नाही.

घर किंवा नोकरी सोडता येत नसेल, तर 1985 मध्ये स्थापन झालेल्या इग्नू या मुक्त विद्यापीठाचे एम. ए. घरी राहून करता येते. मात्र वर्गातील वादविवाद आणि रोजचा ग्रंथालयाचा सहवास तेथे लाभत नाही. ती उणीव स्वतःच्या शिस्तीने भरून काढावी लागते.

अंतर आणि खर्च

मुलीस दूर कसे पाठवावे, या विचाराने कित्येक घरे जवळचे खासगी महाविद्यालय पत्करतात. ही काळजी आम्ही समजू शकतो. परंतु केंद्रीय विद्यापीठांचे शुल्क पुष्कळदा त्याहून कमी असते. वसतिगृहात जागा मिळेल काय आणि तेथील व्यवस्था कशी आहे, हे कोणी प्रत्यक्ष जाऊन पाहावे, आणि मग निर्णय घ्यावा. केवळ मैल मोजून मुलीची वाट ठरवू नये.

आणखी एक सूचना. पुष्कळ केंद्रीय विद्यापीठांसाठी 2022 पासून सामायिक प्रवेशपरीक्षा होते, आणि अलीकडे तिचे अर्ज हिवाळ्यातच भरले जातात. बी. ए.च्या निकालाची वाट पाहत बसणाऱ्यास ते दार बंद झालेले आढळते.

मायबोलीचे भांडवल

इंग्रजी शिकला म्हणजे मुलगा मराठीस पारखा होतो, अशी भीती कोणी बाळगू नये. बेळगावच्या मातीत वाढलेले जी. ए. कुलकर्णी धारवाडला इंग्रजी शिकवीत आणि कथा मराठीत लिहीत. विंदा करंदीकर आणि भालचंद्र नेमाडे हे ज्ञानपीठाचे दोघे मानकरीही इंग्रजीचेच प्राध्यापक. इंग्लंडात जन्मलेल्या फादर स्टीफन्स यांनी गोव्यात राहून ‘ख्रिस्तपुराण’ मराठीत रचले व ते 1616 मध्ये छापले गेले. अशा ग्रंथाच्या अभ्यासास इंग्रजीचा पंडित पुरा पडत नाही. ज्याच्या कानात लहानपणापासून ओवी आहे, असा विद्यार्थी लागतो. आपल्या मुलांजवळचे हे भांडवल ज्या विभागास मोलाचे वाटेल, तो विभाग आम्ही अधिक चांगला मानू.

शुल्क भरण्यापूर्वी अभ्यासक्रमाची प्रत मागवा. तेथे दुसऱ्या वर्षास असलेल्या एखाद्या विद्यार्थ्यास गाठून तीन प्रश्न विचारा : गेल्या महिन्यात वर्गात कोणते पुस्तक वाचले? ग्रंथालयात ते मिळाले काय? तुमचा निबंध शिक्षकांनी तपासून, शेरे लिहून परत दिला काय? तिन्ही उत्तरे समाधानकारक असली, तर विद्यापीठाचे नाव लहान की मोठे, याची फारशी चिंता करू नका.