पावसाळ्यापूर्वी बोटीच्या मोटरची तपासणी

बोटीच्या मागच्या फळीवर दोन स्क्रूंनी कसून बसवलेली, इंजिन वर आणि पंखा पाण्यात अशी जी मोटर असते तिला आउटबोर्ड मोटर म्हणतात. बचावपथकांत ती ‘ओबीएम’ या नावाने ओळखली जाते. बालाघाट जिल्ह्यात तिचे खरे काम पावसाळ्यात असते. सिवनी जिल्ह्यात उगम पावणारी वैनगंगा बालाघाट शहराजवळून वाहत पुढे गोंदिया-भंडाऱ्याकडे जाते. वर भीमगड धरणाचे दरवाजे उघडले की खालच्या गावांना सावध व्हावे लागते. २०२०च्या ऑगस्टअखेर आलेल्या महापुराचा तडाखा सिवनी-बालाघाटपासून थेट गडचिरोलीपर्यंत बसला. अशा वेळी रबरी बोटी आणि त्यांच्या मोटरी बाहेर निघतात. एरवी वर्षातले बरेच महिने त्या गोदामात ताडपत्रीखाली पडून असतात.

मोटर अडखळण्याचे, म्हणजे मेकॅनिकच्या भाषेत ‘मिसिंग मारण्याचे’, सर्वांत मोठे कारण हेच पडून राहणे आहे. धावून झिजलेल्या मोटरींपेक्षा पेट्रोल भरलेल्या अवस्थेत विसरलेल्या मोटरी जास्त त्रास देतात. त्यामुळे थेट कार्बोरेटर खोलायला बसणे चुकीचे आहे. तपासणी पेट्रोलच्या टाकीपासून सुरू करावी आणि इंधनाच्या वाटेनेच पुढे सरकत जावे.

चाचणीसाठी नदीवर जाण्याची गरज नाही. मोटर भक्कम घोडीला कसून मोठ्या ड्रममध्ये उतरवावी आणि पंख्याच्या वरची आडवी पट्टी बुडेल इतके पाणी भरावे. पंखा काढून ठेवावा आणि गिअर न्यूट्रलमध्येच असावा. मोटर कोरडी चालवली तर पाणी ओढणारा रबरी इम्पेलर अगदी थोड्या वेळात खराब होतो. धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो, म्हणून हे काम उघड्या अंगणातच करावे. बंद खोलीत किंवा शेडमध्ये नाही.

सुरुवातीलाच टाकीतले थोडे पेट्रोल पारदर्शक काचेच्या बाटलीत काढून काही वेळ स्थिर ठेवावे. तळाशी वेगळा थर दिसला, रंग गडद झाला असला किंवा वार्निशसारखा आंबूस वास आला, तर निम्मे निदान तिथेच झाले. आता देशभर पंपांवर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. इथेनॉल हवेतली ओल शोषून घेते, आणि पाण्याचे प्रमाण फार वाढले की इथेनॉल-पाण्याचा थर पेट्रोलपासून फुटून तळाशी बसतो. इंधनाची नळी तळातूनच ओढते, त्यामुळे इंजिनाला पहिल्यांदा तोच थर मिळतो. टू-स्ट्रोक मोटरीत हे अधिक घातक ठरते, कारण पेट्रोलमध्ये मिसळलेले ऑइल वरच्या थरात राहते आणि खालच्या थरावर चालणाऱ्या इंजिनाला वंगण मिळत नाही. पुष्कळ आउटबोर्ड १० टक्क्यांपर्यंतच्या इथेनॉलसाठीच बनवलेल्या असतात. म्हणून मोटरीची पुस्तिका पाहणे आणि पेट्रोल साठवून न ठेवता ताजे भरणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे. टू-स्ट्रोकमध्ये ऑइलचे प्रमाण सहसा ५० भाग पेट्रोलला १ भाग, म्हणजे लिटरमागे २० मिलिलिटर असते. अंदाजाने जास्त ऑइल ओतले तर प्लग काळे पडतात, कमी ओतले तर पिस्टन खरचटतो.

त्यानंतर टाकीचे झाकण पाहावे. त्यावर हवेचा छोटा स्क्रू असतो. तो बंद राहिला तर मोटर काही मिनिटे उत्तम चालते आणि मग श्वास कोंडल्यासारखी मरते. झाकण सैल करताच ती सावरली, तर दोष सापडला. नळीवरच्या रबरी हातपंपाचा गोळाही बरेच काही सांगतो. दाबून दाबून तो कडक होत नसेल तर कुठून तरी हवा शिरते आहे. जोडणीचे वॉशर आणि पकडीचे क्लिप पाहावेत. चालू मोटरीत गोळा चपटा होत असेल तर टाकीकडच्या बाजूला अडथळा आहे. आणि मोटर मिसिंग मारत असताना गोळा हाताने दाबत राहिल्यावर ती नीट चालू लागली, तर इंधन पंपाचा पातळ पडदा कमजोर झालेला असण्याची शक्यता मोठी आहे. ही चाचणी फुकट आहे आणि तिने पुष्कळ निरर्थक खोलाखोली वाचते.

एवढे पाहून झाल्यावरच कार्बोरेटरकडे वळावे. सुकलेले पेट्रोल मागे चिकट थर सोडते आणि तो जेटच्या सुईसारख्या बारीक भोकांत बसतो. मोटर नेमकी केव्हा अडखळते, हे येथे महत्त्वाचे. हळू चालताना मरते पण रेस दिल्यावर सुधारते, तर आयडलचे जेट तुंबले आहे. हळू ठीक चालते पण पूर्ण रेसवर दम तोडते, तर मुख्य जेट, फिल्टर किंवा पुरवठा संशयित आहे. जेट तारेने खरवडू नये. भोक मोठे झाले तर मिश्रणाचे गणित कायमचे बिघडते. कार्बोरेटर क्लीनर आणि दाबाची हवा पुरेशी आहे. मिश्रणाचा स्क्रू काढण्यापूर्वी तो हलकेच आत टेकेपर्यंत किती वेढे घेतो ते कागदावर लिहून ठेवावे आणि पुन्हा तितकेच वेढे बाहेर ठेवावे.

इंधनात दोष नसेल तर स्पार्क. प्लग काढून त्याचे टोक पाहावे: फिकट तपकिरी रंग चांगला, ओले काळे टोक म्हणजे जास्त ऑइल किंवा स्पार्कचा अभाव, पांढरेफटक टोक म्हणजे पेट्रोल कमी आणि उष्णता जास्त. दोन सिलिंडरच्या मोटरीत एकच प्लग ओला असेल तर तोच सिलिंडर काम करत नाही. स्पार्क तपासण्यासाठी टेस्टर वापरावा. प्लगची टोपी हाताने धरून मोटर फिरवण्याची सवय धोक्याची आहे; तिथे हजारो व्होल्ट असतात आणि शेजारी पेट्रोलची वाफ. दोन्ही प्लगवर स्पार्कच नसेल तर कॉइलला दोष देण्याआधी चालकाच्या मनगटाला बांधायची सुरक्षा दोरी आणि तिचे क्लिप नीट बसले आहे का ते पाहावे.

एवढे करूनही एक सिलिंडर मेलेलाच राहिला, तर कॉम्प्रेशन मोजावे. दोन सिलिंडरांच्या दाबात दहा टक्क्यांहून जास्त फरक असेल तर रिंग, पिस्टन किंवा गॅस्केटचा प्रश्न आहे. हे काम घरचे नव्हे. टू-स्ट्रोकमध्ये कार्बोरेटरच्या तोंडातून पेट्रोल उलटे उडत असेल, तर आतल्या रीडची पाती तुटलेली असू शकते.

मोटर चालू असताना बाजूच्या छिद्रातून पाण्याची धार सतत पडायला हवी. वैनगंगेच्या पुराच्या पाण्यात गाळ आणि वाळू असते. ती इम्पेलरची पाती घासते आणि पाण्याच्या वाटा तुंबवते. धार बारीक झाली तर मोटर लगेच बंद करावी. ड्रममध्ये गुळगुळीत चालणारी मोटर नदीवर मात्र थरथरत असेल, तर दोष बहुधा इंजिनात नसून पंख्यात असतो: एखादे पाते वाकलेले, किंवा धीवरांच्या तुटक्या जाळ्याचा धागा शाफ्टवर गुंडाळलेला.

पूर ओसरल्यावर मोटर ठेवताना ती स्वच्छ पाण्याच्या ड्रममध्ये चालवावी, इंधनाची नळी काढावी आणि कार्बोरेटर कोरडा होऊन ती आपोआप बंद पडू द्यावी. टाकी रिकामी करावी. प्लगच्या भोकातून थोडे ऑइल सोडून दोरी हळूच एक-दोनदा ओढावी. गिअरचे तेल बदलताना ते दुधाळ दिसले तर सील गळते आहे, आणि ते पुढच्या पावसापूर्वी बदलायला हवे. मे महिन्यात ताजे पेट्रोल भरून ड्रममध्ये पुन्हा एकदा दहा-पंधरा मिनिटे चालवून पाहावे. बोटीतल्या डब्यात जास्तीचे प्लग, प्लगपाना, सुरू करायची सुटी दोरी आणि कोरड्या पिशवीत गुंडाळलेले फडके ठेवावे.